रॅक जिन्याखाली, प्रेक्षक थिएटरमध्ये: मोठ्या होम थिएटरमध्ये रिमोटचा पल्ला कसा वाढवावा

घरात स्वतंत्र थिएटर करायचे ठरले की स्पीकर, पडदा, प्रोजेक्टर आणि खुर्च्या यांवर महिनोन्‌महिने चर्चा होते. रिमोटचा विचार मात्र भिंतींना शेवटचा रंग लागल्यावर सुरू होतो. तोवर ॲम्प्लिफायर, सेट-टॉप बॉक्स आणि ब्लू-रे प्लेअर जिन्याखालच्या कपाटात बंद झालेले असतात आणि आवाज दोन टप्पे कमी करण्यासाठी घरातल्या कोणाला तरी उठून तिकडे जावे लागते. घरगुती थिएटरची जोडणी करताना ही अडचण मी इतक्या वेळा पाहिली आहे, की आता पाइप टाकण्याच्या दिवशीच मी रिमोटची वाट आखून घेतो. पल्ला वाढवायचा म्हणजे रिमोटचा जोर वाढवायचा, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात जोर कमी पडल्याची उदाहरणे थोडी असतात. बहुतेक ठिकाणी संकेताची वाट अडलेली असते. म्हणून खरेदीला जाण्यापूर्वी ही वाट नेमकी कोठे अडते, ते शोधावे.

पुढील विवेचनासाठी नाशिकमधील एका बंगल्यातील काम डोळ्यांसमोर ठेवतो. खोली साडेनऊ मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद, खुर्च्यांच्या दोन रांगा, मागची रांग एका पायरीने उंच, प्रोजेक्टर मागच्या भिंतीजवळ छताला टांगलेला आणि सारी यंत्रे जिन्याखालच्या कोठीतील रॅकमध्ये, म्हणजे यंत्रे ठेवण्याच्या फडताळात. छतातून गेलेल्या पाइपने मोजले, तर पडद्यापासून रॅकपर्यंतचे अंतर बावीस मीटर भरले.

आधी रिमोटची जात ओळखा

घरातील सर्व रिमोट एका टेबलावर मांडावेत आणि प्रत्येक रिमोट कोणत्या मार्गाने बोलतो, हे कागदावर लिहून काढावे. टीव्ही, ॲम्प्लिफायर, प्रोजेक्टर, एसी आणि बहुतेक सेट-टॉप बॉक्स यांचे रिमोट अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालतात. पडदा गुंडाळणाऱ्या मोटरचा रिमोट बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी वापरतो. स्ट्रीमिंग स्टिकचे रिमोट बहुधा ब्लूटूथवर म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. मात्र त्यांतील काहींची आवाजाची आणि टीव्ही चालू-बंद करण्याची बटणे अवरक्त असतात. त्यामुळे एकाच रिमोटची अर्धी बटणे भिंतीपलीकडे चालतात आणि अर्धी चालत नाहीत, असा गोंधळ होतो. म्हणून चाचणी रिमोटची न करता एकेका बटणाची करावी.

अवरक्त रिमोट ओळखणे सोपे आहे. मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला, तर तो अवरक्त रिमोट होय. मागच्या कॅमेऱ्यावर हा प्रकाश अडवणारी गाळणी अधिक कडक असू शकते, म्हणून पुढचा कॅमेरा बरा. ठिपका मंद दिसत असेल, तर प्रथम नवे अल्कलाइन सेल घालावेत. उतरत आलेल्या सेलांवरही बटण दाबले जाते आणि जवळून यंत्र प्रतिसादही देते, परंतु सहा-सात मीटरवरून तोच रिमोट निकामी वाटतो. सेल बदलल्यावर पल्ल्याची तक्रारच उरली नाही, अशी घरे मी पाहिली आहेत.

संकेत कोठे हरवतो

अवरक्त रिमोटमधील एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडतो आणि तो प्रकाश सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकत असतो. काही कंपन्या ३६, तर काही ४० किलोहर्ट्झ वापरतात. यंत्रातील सेन्सर या ठरावीक लुकलुकीकडेच लक्ष देतो आणि खोलीतील बाकीचा प्रकाश गाळून टाकतो. हा प्रकाशच असल्यामुळे तो विटांच्या भिंतीतून किंवा लाकडी दारातून जाणार नाही, पण पांढऱ्या भिंतीवरून परावर्तित होईल. दिवाणखान्यात रिमोट कोठेही रोखला तरी टीव्ही चालतो, तो या परावर्तनामुळे. थिएटरमध्ये भिंतींवर जाड ध्वनिशोषक पॅनेल बसली, छताला गडद रंग लागला आणि खाली गालिचा आला, की हा आधार बराचसा संपतो. उरतो तो एक मोठा पांढरा पृष्ठभाग, म्हणजे खुद्द पडदा. प्रोजेक्टर डोक्यामागे असेल, तर मागे वळण्याऐवजी रिमोट पडद्यावर रोखून पाहावा. कित्येक प्रोजेक्टरांच्या पुढच्या बाजूसही सेन्सर असतो आणि पडद्यावरून परतलेला प्रकाश त्याला पुरतो. हे जमले, तर प्रोजेक्टरसाठी वेगळी तार ओढावी लागत नाही.

यंत्रे खोलीतीलच कपाटात असतील, तर दाराचीही परीक्षा घ्यावी. डोळ्यांना काळी दिसणारी काच किंवा ॲक्रिलिक अवरक्त प्रकाशाला पारदर्शक असू शकते, तर डोळ्यांना बऱ्यापैकी आरपार दिसणारी काच तो अडवू शकते. त्यामुळे रंगावरून अंदाज बांधू नये. कपाट करून घेण्यापूर्वी सुताराकडून काचेचा तुकडा मागून घ्यावा, तो सेन्सरसमोर धरावा आणि खोलीच्या शेवटच्या खुर्चीतून बटण दाबून पाहावे.

तारेचा मार्ग: रिपीटर

रॅक दुसऱ्या खोलीत असेल, तर मी प्रथम तारेच्या रिपीटरचाच आग्रह धरतो. याचे तीन भाग असतात. थिएटरमध्ये बसवायचा छोटा रिसीव्हर रिमोटचा प्रकाश टिपतो आणि त्याचे विजेच्या संकेतात रूपांतर करतो. रॅकमधील डबी, म्हणजे हब, तो संकेत वाढवून वाटते. आणि प्रत्येक यंत्राच्या सेन्सरवर चिकटवलेला, हरभऱ्याच्या दाण्याएवढा एमिटर तोच संकेत पुन्हा प्रकाशाच्या रूपात सोडतो. यंत्राला रिमोट समोरच धरल्यासारखे वाटते. यात वाय-फाय नाही, ॲप नाही, पासवर्ड नाही. नीट बसवलेली अशी जोडणी वर्षानुवर्षे हात न लावता चालते, आणि घरातील वडीलधाऱ्यांना सवयीचा रिमोट सोडावा लागत नाही, हा मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

रिसीव्हरची जागा ठरवताना माणसे रिमोट कोठे रोखतात, याचा विचार करावा. ती नेहमी चित्राकडे रोखतात, म्हणून रिसीव्हर पडद्याच्या चौकटीलगत, खालच्या कडेला असावा. नाशिकच्या घरात तो पडद्याखाली मध्यभागी बसवला, तेव्हा पुढच्या रांगेतून सर्व काही व्यवस्थित चालले. मागच्या रांगेतून मात्र कोणी पुढची खुर्ची उंचावून बसले की संकेत अडे. तेथे उजव्या भिंतीवर, मागच्या रांगेच्या दृष्टीच्या रेषेत दुसरा रिसीव्हर बसवून तोही त्याच हबला जोडला. एकच बटण दोन्ही रिसीव्हरांनी टिपले तरी दोन्ही संकेत व्यवहारतः एकाच क्षणी पोहोचतात, त्यामुळे आज्ञा दुहेरी जात नाही. मात्र दोहोंपैकी एकावर गडबडीचा प्रकाश पडत असेल, तर ती गडबड साऱ्या यंत्रांकडे जाते. म्हणून रिसीव्हर गरजेपुरतेच ठेवावेत.

तारेसाठी घन तांब्याची कॅट-६ केबल वापरावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल तांब्याची म्हणून सर्रास मिळते. तिची एक तार ब्लेडने हलकेच खरवडावी; तांबूस थराखाली पांढरी धातू दिसली, तर ती केबल परत करावी. तिचा रोध अधिक असतो आणि वारंवार वाकवल्यास ती तुटते. चांगल्या तांब्याच्या तारेत बावीस मीटरसाठी, म्हणजे जाऊन-येऊन चव्वेचाळीस मीटरसाठी, तीन-चार ओहमच्या आसपास रोध येतो. रिसीव्हर काही मिलिअँपिअर विजेवर चालतो, त्यामुळे एवढ्या अंतरात व्होल्टेजची घट नगण्य राहते. रिसीव्हरला पुरवठा, जमीन (ग्राउंड) आणि संकेत अशा तीन तारा लागतात. पुरवठा आणि संकेत एकाच पिळाच्या जोडीत ठेवू नयेत. प्रत्येकाच्या जोडीतील दुसरी तार जमिनीला द्यावी.

येथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. रिसीव्हरची जोडणी ३.५ मिलिमीटरच्या स्टिरिओ जॅकने होते, परंतु त्या जॅकच्या कोणत्या कड्यावर पुरवठा आणि कोणत्या कड्यावर संकेत, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. एका कंपनीचा हब आणि दुसऱ्या कंपनीचा रिसीव्हर जोडायचा असेल, तर आधी मल्टीमीटरने हबच्या खाचेतील व्होल्टेज मोजावे. काही हब ५, तर काही १२ व्होल्ट देतात; ५ व्होल्टच्या रिसीव्हरला १२ व्होल्ट मिळाले तर तो जागच्या जागी जळतो.

ही केबल २३० व्होल्टच्या वायरिंगच्या पाइपमधून कधीही नेऊ नये. सुरक्षेच्या दृष्टीने ते चूक आहेच, शिवाय डिमरची खरखर तारेत शिरते. वेगळा पाइप घालावा, विजेच्या पाइपपासून शक्य तेथे एक फूट अंतर राखावे आणि ओलांडणे भागच असेल, तर काटकोनात ओलांडावे. पाइपमध्ये एक नायलॉनची दोरी मोकळी ओढून ठेवावी. पुढे कधी नवी केबल लागली, तर पीओपीचे छत फोडावे लागणार नाही.

एमिटर चिकटवण्याचे काम

सगळ्या कामात सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून जरा थांबून सांगतो. एमिटर यंत्राच्या काळ्या पट्टीवर कोठेतरी चिकटवून चालत नाही. त्या पट्टीमागे सेन्सर कोठे आहे, हे शोधण्यासाठी खोलीतील दिवे मालवावेत आणि टॉर्च पट्टीला जवळजवळ टेकवून तिरपा धरावा. प्रकाश सावकाश सरकवत नेला, की एका ठिकाणी मुगाच्या दाण्याएवढा, किंचित फुगीर, गडद घुमट चमकून जातो. तोच सेन्सर. त्यावर पेन्सिलीची खूण करावी किंवा कागदी टेपचा तुकडा लावावा. टॉर्चने तो सापडला नाही, तर जाड पुठ्ठ्याला पेन्सिलीच्या जाडीचे भोक पाडून तो पट्टीवर सरकवत न्यावा आणि रिमोट समोरून दाबत राहावे; ज्या जागी यंत्र प्रतिसाद देईल, तेथे सेन्सर आहे.

एमिटर लगेच कायमचा चिकटवू नये. आधी तात्पुरता लावून प्रत्येक आज्ञा वीस वेळा द्यावी. आवाज एकेक टप्पा वाढवताना कधी दोन टप्पे उडाले किंवा एखादा गळला, तर एमिटर सेन्सरच्या फार जवळ आला असून त्याला अतिरिक्त प्रकाश मिळतो आहे, अशी दाट शक्यता असते. अशा वेळी जोर वाढवण्याऐवजी कमी करावा लागतो. एमिटर पाच मिलिमीटर बाजूला सरकवावा किंवा मध्ये साध्या पांढऱ्या कागदाचा कपटा ठेवावा. नाशिकच्या ॲम्प्लिफायरचा आवाज असाच उड्या मारत होता आणि मी तासभर हबमध्ये दोष शोधत राहिलो. शेवटी कागदाच्या एका कपट्याने तो नीट झाला.

जागा पक्की झाली, की पट्टी स्पिरिटने पुसून कोरडी करावी आणि मगच चिकटवावे. किनारपट्टीच्या दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, एमिटरसोबत आलेली चिकटपट्टी एका पावसाळ्यात सुटते. तेथे चांगल्या प्रतीची दुहेरी फोम टेप वापरावी आणि तारेचा भार एमिटरवर येऊ नये म्हणून दोन बोटे अंतरावर तार वेगळी टेपने धरून ठेवावी. शेजारी एकाच कंपनीचे दोन सेट-टॉप बॉक्स असतील, तर एकाचा एमिटर दुसऱ्यालाही चालवतो. त्यासाठी एमिटरवर बसणारे काळे टोपण मिळते. न मिळाल्यास काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन थर पुरतात.

ॲम्प्लिफायरच्या मागे रिमोट-इन अशी खाच असेल, तर एमिटरऐवजी थेट तार जोडण्याचा मोह होतो आणि ती पद्धत चांगलीही आहे. मात्र काही यंत्रांना लुकलुकीसह संकेत हवा असतो, तर काहींना लुकलुक गाळून उरलेला. हबचा प्रकार आणि यंत्राची पुस्तिका ताडून पाहिल्याशिवाय ही जोडणी करू नये.

दिवे लावले की रिमोट बंद पडतो

नाशिकच्या घरात दुपारी सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या आणि रात्री घरमालकांचा फोन आला, की रिमोट चालत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन पाहिले, तर छतातील एलईडी पट्टी मंद करताच हबवरील दिवा कोणी बटण दाबले नसतानाही अखंड लुकलुकू लागे. पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारी डबी, प्रकाश अतिवेगाने चालू-बंद करतो आणि त्या लुकलुकीचा काही अंश सेन्सरच्या वारंवारतेच्या पट्ट्यात शिरतो; गडबड सतत चालू राहिली, की सेन्सर स्वतःची संवेदनशीलता कमी करून घेतो आणि खरा संकेतही त्याला ऐकू येत नाही. जुन्या सीएफएल दिव्यांमुळे हाच त्रास होत असे, आणि थेट उन्हानेही सेन्सर दिपतो.

हबवरील दिवा हे येथे उत्तम निदान-साधन आहे. कोणीही बटण न दाबता तो लुकलुकत असेल, तर खोलीतील दिवे एकेक करून मालवावेत आणि गुन्हेगार शोधावा. मग रिसीव्हरला छोटी छत्री करून वरचा प्रकाश अडवावा, त्याची जागा एक-दोन फूट हलवावी किंवा ड्रायव्हर बदलावा. मी रिसीव्हर चौकटीच्या आत दोन सेंटिमीटर मागे सरकवला आणि काम भागले. कधी कधी गडबड रॅकमध्येच असते: रॅकचे दार उघडे असते, रिसीव्हर त्याच खोलीत असतो, एमिटरचा प्रकाश परत रिसीव्हरवर पडतो आणि संकेत गोल फिरत राहतो. एमिटर झाकले, की हा फेरा थांबतो.

तार ओढणे शक्यच नसेल तर

पूर्ण झालेल्या घरात भिंत खोदायची नसते. तेथे अवरक्त संकेत रेडिओ लहरींत बदलून पलीकडे पुन्हा अवरक्त करणारी जोडी मिळते. एक डबी थिएटरमध्ये, दुसरी रॅकसमोर. एका विटांच्या भिंतीपलीकडे ती समाधानकारक चालते. मात्र आरसीसी भिंत, प्लास्टरखाली मारलेली तारेची जाळी आणि रॅकचे पत्र्याचे कपाट यांपुढे तिचा पल्ला पटकन खाली येतो. अमेरिकेतील नातलगांकडून अशी साधने मागवण्याची पद्धत आहे. तसे करताना दोन गोष्टी तपासाव्यात. तेथील ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा तेथे परवानामुक्त असला, तरी भारतात त्याचा काही भाग मोबाइल सेवेसाठी वापरला जातो, म्हणून त्या पट्ट्यातील साधन येथे लावू नये. शिवाय अडॅप्टर केवळ १२० व्होल्टचा नाही ना, हे त्यावरील छापील मजकुरावरून पाहावे.

प्रोजेक्टरकडे एचडीबेस-टी पद्धतीचा एक्स्टेंडर, म्हणजे कॅट केबलवरून चित्र दूरवर नेणारी डब्यांची जोडी, आधीच जात असेल, तर चित्राबरोबर अवरक्त संकेतही त्याच केबलमधून जाऊ शकतो. डबीवर त्यासाठीच्या खाचा असतात आणि त्या रिकाम्या पडलेल्या मी अनेक घरांत पाहिल्या आहेत. नवे काही घेण्यापूर्वी त्या तपासाव्यात.

वाय-फायवर चालणारा अवरक्त ब्लास्टर, म्हणजे यंत्रांकडे अवरक्त संकेत सोडणारी डबी, स्वस्त पडतो आणि मोबाइलवरून सर्व यंत्रे चालवतो. त्यांतील बहुतेक ब्लास्टर केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडले जातात, म्हणून जोडणीच्या वेळी फोनही त्याच पट्ट्यावर ठेवावा. आज्ञा इंटरनेटवरच्या सर्व्हरमार्गे जात असेल, तर इंटरनेट बंद पडताच रिमोटही बंद पडतो. घरातल्या घरात चालणारे साधन निवडावे आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा. आवाजाचे बटण दाबून धरल्यावर येणारा विलंब मला स्वतःला खटकतो, म्हणून मुख्य साधन म्हणून मी तो सुचवत नाही.

ब्लूटूथ आणि पडद्याची मोटर

स्ट्रीमिंग स्टिकला अवरक्त रिपीटरचा काहीच उपयोग नाही. ती ॲम्प्लिफायरच्या मागे, पत्र्याला चिकटून बसलेली असते आणि ब्लूटूथ तेथेच गुदमरते. सोबत आलेली एचडीएमआयची छोटी वायर लावून ती रॅकच्या बाहेर, मोकळ्या हवेत आणावी. यूएसबी ३.० चा हार्ड डिस्क किंवा त्याची वायर शेजारी असेल, तर ती दूर करावी, कारण त्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. तरीही भागले नाही, तर स्टिक थिएटरमध्येच ठेवून तिचे चित्र ऑप्टिकल एचडीएमआय केबलने रॅककडे न्यावे. एचडीएमआयच्या १३ क्रमांकाच्या पिनवरून सीईसी नावाची आज्ञावाहिनी जाते. ती सुरू केली, की स्टिकचाच रिमोट ॲम्प्लिफायरचा आवाजही सांभाळतो आणि एका रिमोटची गरज कमी होते. मात्र सर्व कंपन्यांची यंत्रे सीईसीवर एकमेकांशी सारखी जुळत नाहीत; जुळली तर उत्तम, न जुळल्यास एकेका यंत्राची सीईसी बंद करून दोषी यंत्र शोधावे.

पडद्याच्या मोटरचा रिमोट जवळ गेल्याशिवाय चालत नसेल, तर तिच्या नियंत्रक डबीतून बाहेर आलेली बारीक, एकेरी वायर शोधावी. ती ॲन्टेना असते. ४३३ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर आणि तिचा चौथा हिस्सा १७.३ सेंटिमीटर; म्हणून ती वायर साधारण तेवढीच लांब ठेवलेली असते. पीओपी करणारे कारागीर ती गुंडाळून पत्र्याच्या चौकटीत कोंबतात. वीजपुरवठा बंद करून ती सरळ करावी, धातूपासून दूर मोकळी सोडावी आणि कापू नये.

शेवटची चाचणी

चाचणी प्रत्येक खुर्चीतून, खुर्ची मागे झुकवलेली असताना, मांडीवर पांघरूण असताना आणि दिवे पूर्ण, अर्धे व बंद अशा तिन्ही अवस्थांत करावी; खिडकी असेल, तर ऊन आत येते त्या वेळीही एकदा करावी. रॅकचे दार लावून अर्धा तास सर्व यंत्रे चालू ठेवावीत, कारण तापल्यावर सुटणारी चिकटपट्टी तेव्हाच लक्षात येते. प्रत्येक एमिटरच्या तारेवर यंत्राचे नाव लिहिलेली पट्टी लावावी आणि कोणती केबल कोणत्या पाइपमधून गेली, त्याचा हाताने काढलेला नकाशा व उघड्या छताची छायाचित्रे प्लास्टिकच्या पाकिटात घालून रॅकच्या दाराला आतून चिकटवून ठेवावीत.